गोजिराची जन्मकथा



यंदाच्या मालेची विषयपत्रिका छापून आली त्या दिवशी आमच्या युनियनच्या कचेरीत हशा पिकला. संतवाङ्मय, शिवकाल, अर्थसंकल्प, मधुमेह अशा भारदस्त विषयांच्या रांगेत माझा विषय म्हणजे सिनेमातला राक्षस! एका जुन्या सहकाऱ्याने तर विचारले, "भाऊ, मागण्यांचा खलिता संपला की काय?" मी त्याला म्हणालो की, हा राक्षस कामगारांच्या गाऱ्हाण्यातूनच बाहेर आलेला आहे, पण ते पटवून द्यावयास तासभर लागेल, तेव्हा व्याख्यानालाच ये. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे.

मी पंडित नव्हे. नववीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण नगर वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. म्हणून चित्रपटकलेच्या खोल पाण्यात मी शिरणार नाही. एक राक्षस कोठे, कोणत्या साली आणि कोणाच्या दुखण्यातून जन्मला, एवढीच हकीकत सांगावयाची आहे.

इंग्रजी जगात ह्या राक्षसाला गॉडझिला म्हणतात. जपानी माणूस त्याला ‘गोजिरा’ म्हणतो. आपल्या मराठी कानाला हे नाव मोठे लडिवाळ लागते. जणू कोणी आजी नातवाला गोजिरवाणा म्हणत आहे! तसा काही संबंध नाही. ‘गोरिरा’ म्हणजे गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, ह्या दोन जपानी शब्दांची ती सांधणी आहे. पन्नास मीटर उंचीचा, पाठीवर दातेरी कल्ले असलेला आणि तोंडातून जळती वाफ सोडणारा हा प्राणी ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानच्या पडद्यावर प्रथम आला.

त्याच्या आधी राक्षस नव्हते असे नाही. १९३३ साली, ऐन मंदीच्या दिवसांत, अमेरिकेत ‘किंग काँग’ निघाला. दोनच वर्षांपूर्वी पुऱ्या झालेल्या एम्पायर स्टेट इमारतीवर चढून विमानांशी झुंजणारा तो वानर म्हणजे वास्तविक हात-दीड हात उंचीची बाहुली होती. विलिस ओब्रायन हे कारागीर ती बाहुली केसभर हलवीत, एक चित्र घेत, पुन्हा केसभर हलवीत. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी चोवीस चित्रे लागतात. हा चित्रपट १९५२ साली अमेरिकेत पुन्हा लावला तेव्हा त्याने बक्कळ पैसा केला, आणि निर्मात्यांना राक्षसांची आठवण झाली. १९५३ साली उत्तर ध्रुवाकडील अणुस्फोटाने जागा झालेला एक पुरातन सरडा न्यूयॉर्कवर चालून आला. पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील अणुचाचणीतून बसएवढ्या मुंग्या निघाल्या. त्या सरड्याला शेवटी मारतात कशाने? किरणोत्सर्गी द्रव्याच्याच गोळीने! बाँबने उठविलेले संकट बाँबच्याच भावंडाने निवारावयाचे, आणि प्रेक्षकाने निर्धास्त मनाने घरी जावयाचे. ही त्या काळच्या अमेरिकन राक्षसपटाची रीत.

जपानला हे जमण्यासारखे नव्हते. का, ते समजण्यासाठी एका मासेमारी बोटीवर जावे लागेल.

बोटीचे नाव ‘दाइगो फुकुर्यू मारू’, म्हणजे ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’. याइझू बंदरातली, सुमारे तीस मीटर लांबीची लाकडी बोट. तीवर तेवीस माणसे. ट्यूना, म्हणजे आपल्या कोळ्यांचा कुपा, धरण्यासाठी ही माणसे पॅसिफिक महासागरात पार मार्शल बेटांपर्यंत गेली होती. १ मार्च १९५४ च्या पहाटे पश्चिमेकडे आभाळ एकाएकी उजळले. सूर्य पश्चिमेला उगवला की काय, असे त्यांना वाटले. सात-आठ मिनिटांनी गडगडाट पोचला. बिकिनी ह्या प्रवाळबेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली होती. शास्त्रज्ञांनी धरलेल्या अंदाजाच्या अडीचपट जोराने तो फुटला. हिरोशिमाच्या बाँबच्या हजारपट. बोट तेथून सुमारे १६० किलोमीटरवर, अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या टापूबाहेर होती.

दोन-तीन तासांनी आभाळातून पांढरी राख पडू लागली. भाजून निघालेल्या प्रवाळाचा तो भुगा होता. पाण्यात सोडलेले गळ ओढावयाचे राहिले होते, आणि गळ सोडून पळणे म्हणजे सफर बुडविणे. तेव्हा ती माणसे तासन् तास राखेत उभी राहून दोऱ्या ओढीत होती. राख केसांत गेली, डोळ्यांत गेली, बंडीच्या आत गेली. त्याच दिवशी माणसे ओकू लागली. मग कातडीवर फोड आले, केस झडू लागले. बोटीवरील वायरलेसवाले कुबोयामा आइकिची ह्यांना एवढे कळले होते की आपण पाहू नये ते पाहिले आहे. किनाऱ्याला संदेश धाडला तर तो अमेरिकन आरमार ऐकेल आणि आपल्याला धरील. म्हणून त्यांनी वायरलेस बंद ठेवला. बोट मुकाट्याने १४ मार्चला याइझूला लागली, आणि दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी फुटली.

पुढचा प्रकार मला पाठ आहे, कारण तो मी जन्मभर पाहत आलो. ३१ मार्चला अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष लुई स्ट्रॉस ह्यांनी निवेदन केले, की बोट धोक्याच्या टापूत असलीच पाहिजे, आणि कोळ्यांच्या कातडीवरील जखमा किरणोत्सर्गाच्या नसून प्रवाळाच्या चुन्यासारख्या दाहक गुणामुळे झाल्या असाव्यात. म्हणजे चूक तुमची, आणि झाले तेही फारसे काही नाही! आमच्या भागातल्या एका रासायनिक कारखान्यात एकदा पोती फोडणाऱ्या बावीस जणांच्या हातांवर एकाच आठवड्यात चट्टे उठले. कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिले, ‘घरगुती साबणाची ॲलर्जी’. बावीस घरांत एकच साबण आणि एकच आठवडा! ते कागद मी जपून ठेवले आहेत. स्ट्रॉस ह्यांचे निवेदन वाचताना मला ते साबणाचे सर्टिफिकेट आठवले.

जपानात हाहाकार उडाला. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात ह्या बोटीचा कुपा जमिनीत पुरून टाकावा लागला. त्या वर्षात आठशेहून अधिक बोटींचे मासे अपायकारक म्हणून फेकले गेले. मासेविक्रेत्यांच्या पाट्या ओस पडल्या. टोकियोच्या सुगिनामी वस्तीतल्या गृहिणी आणि मासेविक्रेते सह्यांचे कागद घेऊन दारोदार फिरू लागले, आणि १९५५ च्या ऑगस्टपर्यंत देशभरातून तीन कोटींवर सह्या जमल्या. आपल्याकडे २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या निदान तूर्त तरी थांबवा, अशी मागणी केली. त्या मागणीचे कारण ही राख.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. ती राख मार्शल बेटांतल्या रोंगेलाप बेटावरही पडली होती. तेथल्या मुलांनी ती खेळावयास घेतली. दोन दिवसांनी त्या लोकांना तेथून हलविण्यात आले. त्यांच्यासाठी कोणी राक्षस निर्माण केला नाही. त्यांच्याजवळ स्टुडिओ नव्हता.

जपानजवळ होता. तोहो कंपनीचे निर्माते तानाका तोमोयुकी हे त्या वसंतात अडचणीत होते. इंडोनेशियाबरोबर काढावयाचा एक मोठा चित्रपट परवान्यांअभावी बारगळला होता आणि त्याची जागा भरून काढावयाची होती. परतीच्या विमानातून खालचा समुद्र पाहताना आपल्याला कल्पना सुचली, असे ते सांगत: चाचणीने समुद्रतळचा एखादा प्राणी जागा होऊन टोकियोवर चालून आला तर? अमेरिकन सरड्याची छाया ह्या कल्पनेवर आहे, हे कबूल केले पाहिजे. मात्र दिग्दर्शन आले होंडा इशिरो ह्यांच्याकडे, आणि चित्र बदलले. होंडांना तीनदा सैन्यात ओढून नेले होते. चीनमधल्या युद्धकैदेतून १९४६ साली घरी परतताना त्यांनी हिरोशिमाची राखरांगोळी डोळ्यांनी पाहिली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणोत्सर्गाला देह द्यावा, ही त्यांची इच्छा.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. राक्षसपटांच्या पुस्तकांत ते एखाद्या ओळीत उरकतात.

युद्धानंतर तोहोच्या स्टुडिओत जपानमधली एक अत्यंत बळकट युनियन उभी राहिली. १९४६ च्या संपांनंतर तर कोणता चित्रपट काढावयाचा ह्यातही कामगारांचा शब्द चाले. दिग्दर्शक, सुतार, दिवेवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका, सारे एका संघटनेत. हे फार दिवस चालू देतील असे नव्हते. १९४८ च्या एप्रिलमध्ये नव्या व्यवस्थापनाने किनुता येथील स्टुडिओतील २७० जणांना कमी केल्याचे जाहीर केले. कामगारांनी स्टुडिओचा ताबा घेतला. दारापाशी अडथळे रचले. वादळाच्या दृश्यांसाठी लागणारे प्रचंड पंखे फाटकाकडे तोंड करून बसविले. आगीचे बंब सज्ज ठेवले. नकली वादळाचे सामान खऱ्या लढाईला लावण्याचा हा प्रसंग माझ्या वाचनात दुसरा नाही.

१९ ऑगस्टच्या सकाळी सुमारे दोन हजार पोलीस आले. त्यांच्या पाठीशी देशाचा ताबा घेऊन बसलेल्या अमेरिकन सैन्याच्या तुकड्या आल्या, रणगाडे आले, वर विमाने घिरट्या घालू लागली. ‘लढाऊ जहाजे तेवढी आली नाहीत’ अशी म्हणच पुढे जपानात पडली. बोलणी होऊन कामगार हातात हात घालून, गाणी म्हणत बाहेर पडले. रक्त सांडले नाही. १९५ दिवसांचा तो झगडा ऑक्टोबरात मिटला, आणि तडजोडीची किंमत म्हणून युनियनच्या वीस पुढाऱ्यांना नोकरी सोडावी लागली. संप कसे मिटतात हे मला ठाऊक आहे. वीस माणसे जातात, बाकीची सोमवारी कामावर येतात, आणि कित्येक दिवस कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहत नाही.

सहा वर्षांनी ह्याच स्टुडिओत, ह्याच कारखान्यातल्या माणसांनी, रणगाड्यांच्या ओळी टोकियोत शिरत असल्याची दृश्ये उभारली. त्यांच्या मनात १९ ऑगस्ट होता असा दावा मी करीत नाही. तसा पुरावा मजपाशी नाही. परंतु रणगाडा समोरून येताना कसा दिसतो, हे त्यांपैकी अनेकांना कोणी शिकवावे लागले नसेल.

चित्रपट उघडतो तो समुद्रावर. खलाशी डेकवर वाद्य वाजवीत निवांत बसले आहेत. समुद्र एकाएकी उजळतो, बोट पेटते, आणि वायरलेसवाला बुडेपर्यंत संकटाचा संदेश ठोकीत राहतो. नोव्हेंबरात थिएटरात बसलेल्या माणसाला हे काय आहे ते सांगावे लागले नाही. चित्रीकरण चालू असतानाच, २३ सप्टेंबर रोजी, कुबोयामा वारले होते. वय चाळीस. त्यांनी जो वायरलेस भीतीने बंद ठेवला, तो पडद्यावर वाजला!

पुढे गोजिरा टोकियोत येतो आणि सारी रात्र शहर जाळतो. १९४५ च्या ९ आणि १० मार्चच्या रात्री अमेरिकन विमानांनी टोकियो जाळले तेव्हा सुमारे लाखभर माणसे मेली होती. त्याला नऊच वर्षे झाली होती. म्हणून राक्षसाच्या पायाखाली चुरडणाऱ्या गिन्झा पेठेपेक्षा दुसरी दोन-तीन चित्रे मनातून जात नाहीत. एक बाई पडक्या भिंतीशी लेकरांना कवटाळून बसली आहे आणि आता आपण बाबांकडे जाणार, असे त्यांना समजावते आहे. म्हणजे बाप युद्धात गेलेला. इस्पितळात एका मुलीपुढे यंत्र धरतात आणि ते कटकट वाजू लागते. लोकलगाडीत एक तरुणी कुरकुरते की, आधी विषारी कुपा, मग विषारी पाऊस, आणि आता हा. नागासाकीतून जीव वाचवून आले ते ह्यासाठी काय? पार्लमेंटात एक सभासद म्हणतो, ही माहिती जाहीर केली तर परराष्ट्रसंबंध बिघडतील. तोच स्त्री-सभासद उठून ओरडतात, सत्य सांगा! युनियनच्या सर्वसाधारण सभेत मी हे दृश्य किती वेळा पाहिले असेल, देव जाणे.

शेवटी राक्षस मरतो तो सेरिझावा नावाच्या शास्त्रज्ञाने शोधलेल्या एका भयंकर द्रव्याने. ते बाँबहूनही वाईट शस्त्र होऊ शकेल, हे त्याला कळते. तो आपले सारे कागद जाळतो, आणि समुद्रतळाशी राक्षसाबरोबर स्वतःही मरतो, कारण कागद जाळले तरी डोक्यातले ज्ञान कोणीतरी छळ करून काढून घेईल. न्यूयॉर्कच्या सरड्याची किरणोत्सर्गी गोळी आठवा आणि हे पाहा. मरताना राक्षसाचीही कीव येते.

राक्षस चालत कसा होता, हेही एका कामगाराचेच काम. बाहुली केसाकेसाने हलविण्यास वर्षे लागली असती आणि हाती काही महिनेच होते. म्हणून त्सुबुराया एइजी ह्यांनी माणसालाच सोंगात घातले. ह्याच त्सुबुरायांनी युद्धकाळात सरकारी प्रचारासाठी पर्ल हार्बरची लुटुपुटूची प्रतिकृती उभारून बाँब टाकून दाखविले होते, आणि त्यापायी युद्धानंतर त्यांना बाहेर काढले होते. ते परत आले आणि आता त्यांनी टोकियोच उभे केले, पंचविसाव्या हिश्शाच्या मापाने. सोंगात होते नाकाजिमा हारुओ. सोंगाचे वजन पहिल्या खेपेला शंभर किलोच्या घरात. त्यात चालताच येईना. अजस्र प्राणी जड पावले टाकतो असे भासावे म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने फिरवीत. त्यासाठी प्रकाश जास्त लागे. प्रकाश म्हणजे दिवे, आणि दिवे म्हणजे भट्टी. नाकाजिमा आत घामाने निथळत आणि भोवळ येऊन पडत. प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्तीची आणि अस्वलाची चाल त्यांनी बारकाईने पाहिली होती. १९७२ पर्यंत ते हे सोंग वागवीत राहिले. १९५४ सालच्याच ‘सेव्हन सामुराई’मध्येही ते एक दरोडेखोर म्हणून आहेत. राक्षसाची डरकाळी काढली संगीतकार इफुकुबे अकिरा ह्यांनी: राळ लावलेला चामड्याचा हातमोजा एका मोठ्या तंतुवाद्याच्या सैल तारांवरून ओढून. इफुकुबे युद्धकाळात लाकडाच्या संशोधनासाठी क्ष-किरणांपाशी विनासंरक्षण काम करून आजारी पडले होते, आणि त्यांचे थोरले बंधू तशाच कामात दगावले होते. राखेचे दुखणे त्यांना परके नव्हते.

चित्रपट सुमारे ९६ लाख लोकांनी तिकीट काढून पाहिला. मग तो परदेशी निघाला, आणि कात्री चालली.

१९५६ साली अमेरिकेत लागली ती प्रत ९६ मिनिटांची ८० मिनिटे झालेली होती. आणि तीतही रेमंड बर हा अमेरिकन नट नव्याने घुसविलेला. तो बातमीदार म्हणून दृश्यांच्या कडेला उभा राहतो आणि काय पाहावयाचे ते आपल्याला सांगतो. हायड्रोजन बाँबचा उल्लेख अगदीच पुसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण लोकलमधल्या तरुणीची नागासाकी गेली. पार्लमेंटातले भांडण गेले. अखेरीस म्हातारा शास्त्रज्ञ बजावतो की चाचण्या चालू राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल; तेही गेले, आणि त्या जागी आता जग पुन्हा सुखाने जगू शकेल असे बातमीदार सांगतो. सभेचे इतिवृत्त मालकाच्या कचेरीतून टाईप होऊन आले म्हणजे असेच होते: सभा झाली, चहा झाला, सर्वांचे आभार, मुद्दा तेवढा नाही. अनेक देशांनी पहिला गोजिरा पाहिला तो हाच. मूळ प्रत अमेरिकेतल्या सर्वसाधारण प्रेक्षकापुढे आली ती २००४ साली, पन्नास वर्षांनी. मी स्वतः लहानपणी व्हिडिओवर तिकीट लावून पाहिला तो बरसाहेबांचाच. पोटभर हसलो होतो. मूळ जपानी प्रत पंधरा वर्षांपूर्वी एका मित्राने दाखविली, तेव्हा हसू आले नाही.

नंतरचा इतिहास लवकर सांगता येतो. धंद्याने राक्षसाला माणसाळविले. १९६२ साली तो किंग काँगशी कुस्ती खेळला. १९६४ पासून तर तो पृथ्वीचा राखणदार होऊन मुलांचा लाडका झाला. मग मात्र नाव शोभू लागले, खरोखरच गोजिरवाणा! आमच्या मुंबईतही १९६६ साली ‘गोगोला’ नावाचा हिंदी बोलपट निघाला. नाव कोठून आले ते सांगावयास नको. तरी अधूनमधून जुनी आग वर येई. १९७१ च्या चित्रपटातला हेदोरा हा राक्षस कारखान्यांच्या गाळाचा आणि धुराचा होता, आणि योक्काइचीच्या रासायनिक कारखान्यांशेजारी दम्याने तडफडणारी माणसे तेव्हा न्यायालयात उभी होती. २०२३ साली निघालेल्या चित्रपटाने गोजिराला पुन्हा युद्धोत्तर टोकियोच्या राखेत नेऊन सोडले. चमत्कृतिदृश्यांसाठी त्याला २०२४ साली ऑस्कर मिळाले. तोवर पहिला सोंगाडी, नाकाजिमा, वारून साडेसहा वर्षे झाली होती.

आणि बोट? अमेरिकेने १९५५ च्या जानेवारीत वीस लाख डॉलर दिले. कायदेशीर जबाबदारी मान्य न करता, मेहेरबानी म्हणून. कोळ्यांना रक्कम मिळाली तसे शेजारीपाजारी कुजबुजू लागले. ओइशी मताशिची नावाचा बोटीवरचा एक तरुण गाव सोडून टोकियोच्या गर्दीत गेला आणि त्याने कपडे धुण्याचे दुकान काढले. आपण कोण हे त्याने कित्येक वर्षे कोणाला सांगितले नाही. पुढे म्हातारपणी तो शाळाशाळांतून मुलांपुढे उभा राहून ती पहाट सांगू लागला. २०२१ साली तो वारला. बोट स्वच्छ करून, नाव बदलून शिकाऊ खलाशांसाठी वापरली, आणि निकामी झाल्यावर टोकियोच्या कचराभूमीत, युमेनोशिमा येथे, टाकून दिली. युमेनोशिमा म्हणजे स्वप्नांचे बेट! १९६८ साली एका साध्या नोकरदाराने वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारले, हिला बुडू द्यावयाचे काय? त्यातून वर्गण्या जमल्या, आणि १९७६ मध्ये त्याच जागी तिच्यासाठी प्रदर्शनगृह उघडले.

बोटीचे इंजिन मात्र आधीच काढून दुसऱ्या मालवाहू जहाजाला विकले होते. ते जहाज १९६८ साली बुडाले. अठ्ठावीस वर्षे समुद्राच्या तळाशी पडून राहिलेले ते इंजिन १९९६ मध्ये वर काढले, आणि २००० सालापासून ते प्रदर्शनगृहाच्या बाहेर ठेवले आहे. आत बोट आणि एका बाटलीत ती राख. प्रवेशाला तिकीट नाही.